अकरावं घर

रेवाला आवाज दिसतात, असं मला फार दिवस वाटायचं. फोडणीत मोहरी तडतडली की ती वळायची. पुढे कर्जतच्या डॉक्टरांनी तिच्या मागे उभं राहून डबा वाजवला, टाळ्या वाजवल्या, आणि ती खिडकीच्या हलणाऱ्या पडद्याकडेच बघत राहिली, तेव्हा कळलं. माझी पोर मोहरीला वळत नव्हती. मोहरी टाकून मी पटकन मागे घेते त्या हाताला वळत होती.

तेव्हापासून मी घरात हळू वावरायला लागले. भांडी हळू ठेवते, दार हळू लोटते. तिला ऐकू येत नाही ते आपण तिच्यासमोर मोठ्यानं करायचं, म्हणजे उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात, "बोलंल गं ती. विपुल चार वर्साचा होईस्तवर मुकाच होता. आता बघ, गप बसला तर शपथ." विपुल म्हणजे माझा नवरा. तो हसतो आणि मग खरंच गप्प होतो.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, ऑपरेशन करून कानामागे मशीन बसवता येईल, तिला ऐकू येईल, पण तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालं तर बरं. रेवाला दोन वर्षं आणि आठ महिने झाले होते. यादीत नाव घातलं. आपला क्रमांक आला की मेल येणार, त्यात एक बटण असणार, मेल आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत ते दाबून होकार द्यायचा. नाही दिला तर तारीख पुढच्या मुलाला.

"आणि तारीख पुढच्या मुलाला गेली की आम्ही?" मी विचारलं.

"यादीच्या शेवटी," काउंटरवरचा माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता. माझ्यामागे रांग होती. "मेल आयडी सांगा."

मी सांगितला. कोंडाणे, मग अधिकचं चिन्ह, मग रेवा, मग ॲट, मग पुढचं सगळं.

"अधिक?"

"हो. बेरजेचं असतं ते."

त्यानं दाबलं. चौकट लाल झाली. परत दाबलं, परत लाल. "घेत नाही मॅडम. अक्षरं घेतं, आकडे घेतं, टिंब घेतं. हे नाही घेत. दुसरा द्या ना साधा."

माझा स्वतःचा साधा पत्ता होता. तोच द्यायला हवा होता, हे आता कुणीही सांगेल. पण मी काय केलं ते समजायला आमच्या गावचा पत्ता समजायला हवा.

आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता मुंबई-पुण्याची पोरं धबधबे आणि लेणी बघायला येतात. त्यांना जेवण आणि मुक्काम देणारी आम्ही अकरा घरं, आठ गावात, तीन वर वाडीत. लग्नाआधी मी कर्जतला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होते, म्हणून वेबसाइट आणि मेलचं काम माझ्याकडे आलं. मी पत्ता एकच घेतला. आलेला मेल तिथे न थांबता अकराही घरांच्या फोनवर जायचा. ज्याच्या नावचा असेल त्याचं नाव अधिकच्या चिन्हापुढे लावायचं, म्हणजे मेलच्या माथ्यावर ते उमटायचं. अधिक नंदा, अधिक मोतीबाई. ज्याला आधी दिसेल त्यानं हाक मारायची: "नंदे, तुजं आलंय गं!" माझ्या लहानपणी माहेरी हेच होतं. आळीत एका घरी फोन, सगळ्या पाहुण्यांकडे तोच नंबर. कुणाचाही फोन आला तरी कुंपणावरून हाक जायची आणि कधी चुकायची नाही.

म्हणून काउंटरवर उभं राहून मी विचार केला, माझे दोन डोळे, त्यात मी रात्रीची जागी, दिवसा अर्धी झोपेत. त्यापेक्षा अकरा घरांचे डोळे बरे. कुणीतरी हाक मारेलच. आणि मी गावचा पत्ता दिला, नुसता, चिन्ह आणि नाव काढून.

चौकट हिरवी झाली. मला केवढं बरं वाटलं.

मग आम्ही वाट बघायला लागलो. भाद्रपदातले दिवस. सकाळी राजमाचीकडून ढग उतरून थेट अंगणात यायचा, तुळशीपर्यंत यायचा आणि थांबायचा. रेवा त्याच्यात हात घालून बघायची. त्या दिवसांत मला सारखं वाटायचं की मेल निघालाय. मुंबईहून निघाला, खाडी ओलांडून आला, आता कुठेतरी भाताच्या शेतांवर आहे, भाताला फुलोरा आलाय म्हणून जपून चाललाय. मी दिवसातून चाळीस वेळा फोन बघायचे. बुधवारी तर फोन खाली ठेवताच येईना. पुण्याच्या कुठल्याशा ग्रुपनं आम्हाला मेल टाकला, शनिवारी तंबू हवेत, आणि त्यात आपल्या सगळ्या माणसांची नावं घातली. मग त्यांतला प्रत्येक जण सगळ्यांना उत्तर द्यायला लागला. मी येतो. मीपण. मला शाकाहारी. गाडीत जागा आहे का. दर वेळी काळीज लकलकायचं आणि दर वेळी शाकाहारी निघायचं. दुपारी तीनच्या सुमाराला ते थांबलं. चला, दमली पोरं, असं मला वाटलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी गिरणीवर दळण आणायला गेले होते. रेवा कडेवर. नंदावैनी तिथेच होत्या, अकरातल्या दुसऱ्या घरच्या. डोक्यावर पीठ, तोंडानं गाडी चालू.

"रोहिणी, तुजा तो मेल म्हंजे पण ताप हाय हां. शाकाहारी, शाकाहारी, आमच्या म्हशीला पण पाठ झालं. आनि आता तर दवाखान्यावाले पन जायराती पाठवाय लागलेत."

"कुठले दवाखान्यावाले?"

"काय की. डियर पेरेंट का फेरेंट. वर कोनाचं नाव नाय काय नाय. म्या काडून टाकला."

गिरणीचा पट्टा फिरत होता. मला त्याचा आवाज यायचा थांबला, असं आठवतं.

"कधी, वैनी?"

"परवा गं. दुपारचं." मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "का? काय झालं? रोहिणी? आगं, मला काय म्हाईत!"

"काढलेला परत सापडतो. फोन द्या."

त्यांनी पिठाच्या हातानंच दिला. टाकाऊ मेलांची पेटी रिकामी होती. तंबूंचे फोटो मावेनात म्हणून कालच त्यांनी सगळं झाडून साफ केलं होतं. इतक्या निगुतीनं केलं होतं की रागही येईना.

तिथेच पोत्यावर बसून मी आमचा पत्ता जिथून चालतो ते पान उघडलं. तिथे सगळी नोंद असते, कोणता मेल किती वाजता आला आणि पुढे कुणाकुणाला गेला. बुधवार. पुण्याचे सत्तावीस मेल, प्रत्येक अकरा घरांना. त्याखाली अठ्ठाविसावा, हॉस्पिटलचा, तीन वाजून दहा मिनिटं. मोतीबाई, गेला. नंदा, गेला. छाया, गेला. आणि तिथून खाली आठ घरांपुढे लाल अक्षरं: आजची मर्यादा संपली.

मर्यादा मला माहीत होती. दिवसाला तीनशे. घेताना मी हसले होते, म्हटलं, आमच्या गावाला तीनशे मेल कोण पाठवतंय. एकाचे अकरा होतात हा हिशोब डोक्यात आलाच नाही. सत्तावीस अकरे दोनशे सत्याण्णव. पुढे तीन. तिथे दिवस संपला होता आणि आठ घरांचे मेल तिथल्या तिथे टाकून दिले होते.

आठांतलं शेवटचं घर माझं. ती यादी मीच लावली होती. मोतीबाई सगळ्यांत लांब, वर वाडीत, तिला आधी. मग बाकीचे. आणि मी शेवटी. कुणी सांगितलं नव्हतं. पंगतीत वाढणारी बाई आधी बसते का? सगळ्यांची पानं वाढून झाली की ती आपलं घेते. मी यादी लिहिताना हात आपोआप खाली गेला होता.

आता अकरा वाजून वीस मिनिटं. तीन दहापर्यंत वेळ.

हॉस्पिटलला फोन लावला. दाबा एक, दाबा दोन, मग सतार. पंधरा मिनिटं सतार ऐकून एक बाई आल्या, म्हणाल्या, होकार मेलमधूनच द्यायचा, मी त्या विभागाला जोडते, आणि पुन्हा सतार, आणि मग काहीच नाही. विपुल रसायनीला पहिल्या पाळीवर होता. त्यांच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करावे लागतात, आत ठिणगीची भीती. छाया मोहोपाड्याला बहिणीकडे गेलेली. तिनं उचलला.

"मेल? अगं, ते शाकाहारी वाजून वाजून डोकं उठलं, मी ते ॲपच काढून टाकलं."

"परत टाक ना. छाया, रेवाचा मेल होता त्यात."

ती मग रडवेली होऊन म्हणाली, "पासवर्ड कुठे आठवतोय गं मला. तो जुन्या नंबरवर कोड पाठवतो म्हणतंय, आणि ते कार्ड बंद पडलंय. थांब, मी करते काहीतरी. रोहिणी, मी करते." पण ती काय करणार होती?

उरली मोतीबाई. तिचा मेल मीच उघडून दिलेला, पासवर्ड माझ्या वहीत होता. माझ्या फोनवरून आत शिरायला गेले, तर त्यानं म्हटलं, मोतीबाईच्या फोनवर विचारलंय, तिथे 'हो, मीच' असं दाबा. मोतीबाईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

"कुटं चाललीस?" सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं. मी दळण टेकवून चपला बदलत होते.

"वाडीत. मोतीबाईकडे. रेवाची तारीख तिच्या फोनात आहे."

"फोनात तारीख?" त्या उठून आल्या. त्यांना सगळं समजलं नसावं, पण मला अडवायला त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. "पोरीला ठेव हितं."

मी रेवाकडे बघितलं. ती आधीच माझ्या पदराला धरून उभी होती. मी नजरेआड झाले की तिला हाक मारूनही समजावता येत नाही, मी परत येणार आहे म्हणून. "नेते," मी म्हटलं.

वाट ओढ्याच्या कडेनं वर जाते. एरवी तासाभराची. त्या दिवशी ढग वाटेवरच बसला होता. पुढची दहा पावलं दिसायची आणि मागची पुसली जायची. सोनकीची पिवळी फुलं ढगातून अचानक घोट्याशी यायची आणि नाहीशी व्हायची. वर कुठेतरी घाटातून गाडी चढत होती, आवाज एका बाजूनं यायचा, मग दुसऱ्या, जशी काही डोंगराच्या आतूनच चाललीय. थोडा वेळ मला वाटलं, आपण चालत नाही, आपल्यालाही कुणी पुढे पाठवलंय, या घरून त्या घरी, आणि मर्यादा कुठे संपते ते आपल्याला माहीत नाही. रेवा कडेवरून माझे ओठ बघत होती. तेव्हा लक्षात आलं की मी मोठमोठ्यानं बोलतेय. "सत्तावीस अकरे," म्हणत होते.

एक ओढा ओलांडताना पाय घसरला. पडले नाही. पण त्यानंतर प्रत्येक पाऊल चाचपून टाकत गेले, आणि दर थोड्या वेळानं रेवाला खाली ठेवून बसावं लागलं. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून मी तीनदा बघितलं. दोन वाजून पाच. दोन वीस. दोन एकतीस.

वाडीच्या अलीकडे एक सपाट कातळ आहे, तिथे मोठं उंबराचं झाड. ढगातून आधी रेवाला दिसलं. तिनं माझी हनुवटी धरून तिकडे वळवली.

झाडाला पिशव्या लटकत होत्या. दुधाच्या, किराण्याच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या आठ-दहा पिशव्या, सुतळीनं फांद्यांना बांधलेल्या. वाऱ्यानं त्या सावकाश फिरत होत्या. आणि त्यांतली एक मधेच उजळली. ढगात निळसर उजेड पसरला आणि विझला. मग दुसरी उजळली.

रेवा हसली. आवाज न करता, सगळ्या तोंडानं.

"आगो बाय!" झाडाखालून आवाज आला. डोईवर करटोलीची पाटी घेऊन मोतीबाई नुकतीच रानातून उतरली होती. "तू हितं कशी गं या धुक्यात? आनि पोर पन?"

"मोतीबाई, तुमचा फोन."

"ह्यो काय टांगलाय." तिनं एका पिशवीकडे बोट केलं. "घरात रेंज नाय, हितं हाय. मग घरात कशापायी ठेवायचा? सकाळी टांगायचा, रानात जायचं, येताना काडून न्यायचा. आमी समदी तसंच करतो. चोरनार कोन? माकडं येत्यात, पन त्यांना काय लागत नाय."

"मी फोन केला होता किती वेळा."

"मग वाजला आसंल की. झाडानं ऐकला आसंल." ती हसली, आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. पाटी खाली ठेवून तिनं सुतळीची गाठ सोडली. गाठ ओली होऊन आवळली होती. तिनं दातांनी ओढली. मला किंचाळावंसं वाटत होतं.

फोनवर नऊ टक्के बॅटरी. दोन पन्नास. मी मेल उघडला. शाकाहारी, गाडीत जागा, शाकाहारी. "मोतीबाई, तुम्ही यातलं काही काढलं तर नाही ना?"

"मी कशाला काडू? मला वाचता येतंय का? तू सांगितलंवतंस, वर तुजी आडवी-उभी काडी आसंल तर त्याच्याफुडं कोनाचं तरी नाव. काडी नसंल ते कोनाचं, मला काय ठाव? ज्याचं नाव नाय त्याला हाकलायचं व्हय? आसू दे म्हनलं. येईल कोनतरी इचारत."

तो तिथेच होता. सगळ्यांच्या मधे, साध्या काळ्या अक्षरांत, न उघडलेला. डियर पेरेंट. खाली हिरवं बटण.

मी दाबलं. पान यायला लागलं. एक गोल फिरत राहिला. ढग आणखी खाली आला, फोन ओला व्हायला लागला, मोतीबाईनं पाटीवरचं पान काढून माझ्या हातावर छत्रीसारखं धरलं. गोल फिरतच होता. "वर धर," ती म्हणाली, "आजून वर. कातळावर चड." मी रेवाला खाली ठेवून कातळावर चढले आणि फोन डोक्यावर धरला. वरून मला काही दिसत नव्हतं, नुसता हाताला फोनचा उबदारपणा. किती वेळ धरावा ते कळेना. लवकर खाली घेतला तर तुटेल, उशिरा घेतला तर वेळ जाईल. मी मनात वीस मोजले. मग आणखी दहा.

खाली घेतला तेव्हा पानावर रेवाचं पूर्ण नाव होतं, जन्मतारीख होती, आणि विचारलं होतं: आपली संमती आहे? हो, नाही.

मी हो दाबलं. परत कातळावर, परत वर. या वेळी मी मोजलं नाही.

नोंद झाली. दाखल होण्याची तारीख, नऊ ऑक्टोबर, सकाळी आठ. दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. मी त्या पानाचा फोटो माझ्या फोनवर काढला, मग अजून एक काढला, मग मोतीबाईला तिचा फोन दिला आणि कातळावर बसले. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. नुसतं अंग जड झालं.

"झालं?" मोतीबाई.

"झालं."

"मग आता पोरीला ऐकू येनार."

"डॉक्टर म्हणतात येईल. लगेच नाही. ऑपरेशन झालं की महिन्याभरानं मशीन चालू करतात."

ती माझ्या शेजारी टेकली. करटोली निवडायला लागली, किडकी ढगात भिरकावत. थोड्या वेळानं म्हणाली, "मग पयलं काय ऐकवनार?"

 इतके महिने मी मेलचा विचार केला होता, यादीचा, बटणाचा, भुलीच्या इंजेक्शनचा. हे मला सुचलंच नव्हतं.

"कोंबडा नको," ती म्हणाली. "लई मोटा. दचकंल. आनि तुज्या सासूला पन पयलं बोलू दिऊ नको. कोंबड्याच्या वरताण हाय." ती स्वतःच हसली. "तुजा आवाज ऐकव. पन तो बी हळू. तुला सवय हाय का हळू बोलायची?"

"मला हळूचीच सवय झालीय."

"मग बरं हाय."

रेवा झाडाखाली मान वर करून उभी होती. पिशव्यांपैकी कुणी उजळतंय का बघत होती. मी मागून तिच्याकडे बघत होते, नेहमीसारखी, कुठे पाय घालते, कुठे हात. आणि मग मी डोळे मिटले. तिच्यावरून नजर काढून डोळे मिटायला मला किती दिवस जमलं नव्हतं. मिटले आणि ऐकायला लागले, तिला काय आवडेल ते निवडत. ओढा, पण तो एकसारखा होता, तिला वाटेल मशीनच बिघडलं. प्लॅस्टिकची कुजबुज. पाटीत पडणारी करटोली, टप, आणि जरा थांबून टप. घाटातली गाडी, लांबची चालेल, जवळची नाही. मोतीबाईच्या काकणांचा आवाज. हा असू दे, म्हटलं.

"काय करतीस?" मोतीबाईनं विचारलं.

"थांबा. बोलू नका जरा."

तिनं हातातलं करटोलं हातातच धरलं. ढगातून एक पाखरू दोनदा ओरडलं आणि मी ते कोणतं असेल ते मोतीबाईला विचारायचं ठरवलं, पण आणखी एकदा ओरडू दे म्हणून बसून राहिले.